पीट सीगर नक्की कोण होता? बॅंजोवाला, शांततावाला की कम्युनिस्ट?

अर्धाकप

बॉब डिलन या अमेरिकन गायकावरचा सिनेमा 'अ कम्प्लीट अननोन' उशिराच पाहिला, गेल्या शनिवारी. बसले होते डिलनसाठी आणि लक्ष सगळं त्या उंच बॅंजोवाल्या काकांकडे, एडवर्ड नॉर्टनने केलाय तो पीट सीगर. इतका साधा सरळ माणूस आणि सुरुवातीलाच कोर्टाची भानगड? मग रात्री मोबाईलवर शोधत बसले तर कळलं की आपण शाळेत पंधरा ऑगस्टला घसा फोडून 'होंगे कामयाब' म्हणायचो ना, त्याचं मूळ इंग्लिश गाणं 'वुई शॅल ओव्हरकम' जगभर नेणाऱ्यांत हा मुख्य. मला इतकी वर्षं वाटत होतं ते गाणं मुळातच आपलं, गिरिजाकुमार माथुरांचं. शब्द त्यांचेच आहेत म्हणा, पण अनुवाद.

आता गोंधळ असा की नवरा म्हणतो तो पक्का कम्युनिस्ट होता, विकीवर शांततावादी लिहिलंय, आणि तिसरीकडे वाचलं की दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. तिन्ही एकाच माणसात कसं बसवायचं? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू ते पण सांगा, नुसता ढीग आहे. मला अमेरिकन लोकगीतांतलं ओ का ठो कळत नाही, त्यामुळे सोप्पं करून सांगा प्लीज.

तुणतुणे

अर्धाकप, चांगला धागा काढलात. नवरा, विकी आणि तिसरं ते जे काय, तिघंही बरोबर आहेत :) जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा (अख्खा कप).

जन्म ३ मे १९१९, न्यूयॉर्क. घर संगीताचं पण लोकगीताचं अजिबात नाही. वडील चार्ल्स सीगर संगीताचे मोठे अभ्यासक, आई व्हायोलिन वाजवायची, सावत्र आई रूथ क्रॉफर्ड सीगर स्वतः नावाजलेली कंपोझर. वडिलांनी पहिल्या महायुद्धाला उघड विरोध केला म्हणून बर्कलीतली प्राध्यापकी गेली, म्हणजे युद्धविरोध आणि त्यापायी नोकरी जाणं हे दोन्ही पोराला वारशातच मिळालं. १९३६ मध्ये बापाबरोबर नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलच्या लोकगीतांच्या जत्रेला गेला, तिथे पाच तारांचा बॅंजो ऐकला आणि संपलं. पुढे हार्वर्ड सोडलं, लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सच्या हाताखाली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकगीतांच्या रेकॉर्ड निवडायचं काम केलं, १९४० मध्ये लोकगायक वुडी गथ्री भेटला आणि त्याच्याबरोबर गाड्या पकडत, बारमध्ये गात, देश फिरला.

बॅंजोचं सांगायलाच पाहिजे कारण माझ्या आयडीचा प्रश्न आहे. पाचवी तार आखूड असते, ती अंगठ्याने सारखी वाजवायची, सूर बदलत नाही. म्हणजे आपलं तुणतुणंच की, फक्त त्याच वाद्याला चिकटवलेलं. मूळ वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं, नंतर डोंगरातल्या गोऱ्यांनी उचललं, आणि सीगर शिकायला लागला तोवर शहरात ते कुणी फारसं हातात धरत नव्हतं. याने स्वतः शिकून १९४८ मध्ये बॅंजो कसा वाजवायचा त्याचं छोटं पुस्तक सायक्लोस्टाईल करून काढलं आणि त्यावर नंतरची अख्खी पिढी शिकली. स्वतःच्या बॅंजोची मान तीन पडद्यांनी लांब करून घेतली, कारण गाण्याची पट्टी खाली आणायची होती. त्याच्या चामड्यावर लिहिलं होतं की हे यंत्र द्वेषाला घेरतं आणि शरण यायला लावतं. गथ्रीच्या गिटारवर लिहिलेलं असायचं की हे यंत्र फॅसिस्टांना मारतं. दोघांतला फरक यातच दिसतो, मला तरी.

आता कोर्ट. १९५० मध्ये सीगरचा चौघांचा ग्रुप, द वीव्हर्स, तुफान चालला. लेडबेली या काळ्या लोकगायकाचं 'गुडनाईट आयरीन' १३ आठवडे एक नंबरला होतं. आणि लगेच कम्युनिस्ट असल्याची बोंब झाली, नाव काळ्या यादीत, रेडिओ बंद, क्लब बंद, १९५२ मध्ये ग्रुप बसला. १८ ऑगस्ट १९५५ ला संसदेच्या त्या कुप्रसिद्ध समितीने त्याला बोलावलं, अमेरिकाविरोधी कारवाया शोधणारी समिती. तिथे बहुतेक लोक पाचव्या घटनादुरुस्तीच्या मागे लपायचे, म्हणजे मी स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही. त्याने शिक्षा टळायची. सीगरने ती ढाल घेतलीच नाही. तो म्हणाला माझा धर्म, माझं राजकारण, मी मत कुणाला दिलं, हे कुठल्याही अमेरिकन माणसाला असं धाक घालून विचारणंच गैर आहे. मी भटक्यांच्या तळावर गायलोय आणि रॉकफेलरांसमोरही गायलोय, गाणं कुणालाच नाकारलं नाही, गाण्यांबद्दल विचारा, सांगतो. कुणासमोर गायलास ते सांग म्हटल्यावर मात्र तोंड बंद.

मग १९५७ मध्ये संसदेच्या अवमानाचे दहा आरोप, १९६१ मध्ये एक वर्षाची शिक्षा (सिनेमात दाखवलंय ते हे), आणि मे १९६२ मध्ये अपिलात आरोपपत्रच सदोष म्हणून सुटला. सात वर्षं डोक्यावर टांगती तलवार. आणि मोठ्या चॅनेलच्या टीव्हीवर तो पुन्हा दिसला थेट १९६७ मध्ये.

पण मजा अशी की बंदीनेच त्याला घडवला. मोठी स्टेजं बंद झाली म्हणून हा शाळा, कॉलेजं, पोरांचे उन्हाळी कॅम्प, चर्च, जिथे जे मिळेल ते घेत फिरला. तीच पोरं साठच्या दशकात मोठी झाली आणि गिटारी घेऊन रस्त्यावर आली. ज्यांनी त्याला टीव्हीवरून काढला त्यांनी हा हिशोब केलाच नव्हता.

सैन्याचं आणि पक्षाचं कुणीतरी लिहीलच, माझी बोटं दुखली.

कडूकारलं

मीच लिहितो मग, कारण वरच्या प्रतिसादात देवघरात फोटो लावायचाच बाकी ठेवलाय.

१९४१ चा वसंत. हिटलर आणि स्टॅलिनचा एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार चालू आहे. सीगर आणि कंपनी (तेव्हाचा ग्रुप अल्मनॅक सिंगर्स) युद्धविरोधी गाण्यांचा अल्बम काढतात, 'साँग्ज फॉर जॉन डो', त्यात अध्यक्ष रूझवेल्टला सैन्यभरतीवरून धू धू धुतलंय. २२ जूनला हिटलर रशियात घुसतो. अल्बम बाजारातून गायब! पुढच्या वर्षी दुसरा अल्बम, आता रूझवेल्टला पाठिंबा आणि हिटलरला ठोका. याला शांततावाद म्हणायचं? मॉस्कोतून वारा फिरला की यांची शिडं फिरली. १९४२ मध्ये सैन्यात भरती, पॅसिफिकमध्ये सायपानला, आधी विमानाचा मेकॅनिक म्हणून शिकवलं पण बहुतेक काळ सैनिकांना गाणी म्हणून दाखवायचंच काम. कम्युनिस्ट पक्षाचा मेंबर होता, साधारण १९५० च्या आसपास सोडला, पण स्टॅलिनने काय केलं त्यावर स्वच्छ बोलायला किती उशीर. स्टॅलिनवर खरमरीत गाणं लिहिलं ते २००७ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी. स्टॅलिन जाऊन ५४ वर्षं झाली होती राव.

गायक भारी, त्यात वाद नाही. काळ्या यादीचा प्रकार नीच होता त्यातही वाद नाही. पण अर्धाकप यांच्या मिस्टरांना कुणी खोटं पाडू नका.

तुणतुणे

@कडूकारलं, तारखा सगळ्या बरोबर, १९४१ ची कोलांटी मी झाकणार नाही, ती कोलांटीच होती. उशीर झाला हेही मान्य, त्याने स्वतःच कबूल केलंय की स्टॅलिन किती क्रूर होता ते आपल्याला दिसलं नाही. पण एक सांगा, त्याच १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माजी सैनिकांच्या संघटनेने सगळ्या जपानी अमेरिकनांना देशाबाहेर काढा असा ठराव केला तेव्हा या पठ्ठ्याने त्यांना निषेधाचं पत्र पाठवलं. स्वतः सैन्यात असताना. हे काय मॉस्कोने सांगितलं होतं? ते पत्र पुढे गेलं आणि त्यावरून त्याच्यामागे चौकशी लागली, एफबीआयची फाईल वाढत वाढत पुढे हजारावर पानांची झाली. आणि त्या वेळी त्याचं जिच्याशी ठरलं होतं ती तोशी ओटा, वडील जपानी, आई अमेरिकन. १९४३ मध्ये सुट्टीवर येऊन लग्न केलं.

तोशीबद्दल वेगळा धागा निघेल खरं तर. कार्यक्रम ठरवणं, पैसे, पत्रं, तीन पोरं, न्यूयॉर्क राज्यात बीकनला हडसन नदीकाठी स्वतः ओंडके रचून बांधलेलं घर ज्यात सुरुवातीला वीज नाही नळ नाही, सगळं तिनं रेटलं. साहेब जग सुधारायला बाहेर. २०१३ मध्ये गेली, लग्नाला सत्तर वर्षं व्हायला काही दिवस कमी होते, आणि साडेसहा महिन्यांत, २७ जानेवारी २०१४ ला हाही गेला, ९४ व्या वर्षी.

पेरूचीफोड

बीकनचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी मी वाचनमात्र. आम्ही बारा वर्षं न्यू जर्सीत. त्या घराच्या चुलीच्या धुराड्यात काही दगड आहेत त्याची गोष्ट माहितीय का कुणाला? १९४९ च्या सप्टेंबरमध्ये पीकस्किलला पॉल रोबसनचं गाणं होतं (काळा गायक, डावा, म्हणजे दुप्पट गुन्हा), सीगरही गायला, आणि कार्यक्रम संपून लोक निघाले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्यांवर दगडांचा मारा. सीगरच्या गाडीत बायको आणि लहान पोरं. काचा फुटून जे दगड आत आले ते त्याने जपून ठेवले आणि घर बांधताना धुराड्यात चिणले. मला त्याच्या सगळ्या गाण्यांपेक्षा हेच लक्षात राहिलंय. दगड फेकून पण दिले नाहीत आणि परत मारले पण नाहीत.

दुसरं म्हणजे नदी. इथल्या लोकांना विचाराल तर सीगर म्हणजे हडसन, गाणंबिणं नंतर. साठच्या दशकात नदीची पार गटारगंगा झाली होती, कारखान्यांचं तेल, शहरांचा मैला. याने काय करावं? मोर्चा नाही, खटला नाही, जहाज बांधायचं म्हणाला! जुन्या पद्धतीचं शिडाचं, १०६ फुटी, वर्गणी काढून आणि कार्यक्रम करून पैसे जमवले, १९६९ मध्ये 'क्लियरवॉटर' पाण्यात उतरलं. काठावरच्या गावातले काही लोक आधी म्हणाले हे हिप्पी आणि कम्युनिस्ट आलेत. पण तर्क साधा होता की लोक नदीकडे पाठ करून बसलेत, त्यांना नदीवर आणलं की नदी त्यांची होईल.

माझ्या मुलीच्या शाळेची सहल गेली होती त्या जहाजावर, मी पालक म्हणून बरोबर. शीड वर ओढायला सगळी पोरं दोरीला लावतात आणि ओढताना गाणं, कारण त्याशिवाय जोर एकदम लागत नाही, मग जाळं टाकून मासे काढतात, पोरांना हातात देतात, परत पाण्यात सोडतात. मुलगी आठवडाभर माशाबद्दल बोलत होती. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात सुमारे १३ लाख पौंड पीसीबी नावाचं विष नदीत गेलं, तो गाळ काढायचं काम २००९ ला सुरू झालं, म्हणजे जहाज उतरल्यावर चाळीस वर्षांनी, तेव्हाही म्हातारा होता आणि पाठपुरावा चालूच होता. नव्वदीकडे झुकलेला असताना इराक युद्धाच्या विरोधात हातात पाटी घेऊन हायवेच्या कडेला उभा राहायचा, चार-पाच माणसं बरोबर. आणि तोच माणूस जानेवारी २००९ मध्ये ओबामाच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकापुढे लाखो लोकांकडून गथ्रीचं गाणं म्हणवून घेतो, तेही जी कडवी शाळेत गाळतात ती धरून. हायवेवर चार माणसं काय आणि तिथे लाख काय, टोपी तीच.

चिंचेचंझाड

वा पेरूताई, असेच वाचनमात्र राहू नका.

मी शाहिरी घराण्यातला (आजोबा, मी नाही, माझा गळा म्हणजे फाटका पत्रा) म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. सीगरचा आवाज काय महान वगैरे नव्हता. त्याची खरी कला म्हणजे लोकांना गायला लावणं. व्हिडिओ बघा, ओळ संपता संपता पुढची ओळ भरभर बोलून टाकतो म्हणजे ज्याला शब्द माहीत नाहीत तोही गाऊ शकतो, मग हात वर करून वरच्या पट्टीवाल्यांना वेगळं, खर्जवाल्यांना वेगळं, आणि पाच मिनिटांत दोन हजार अनोळखी माणसं तीन सुरांत गातायत. आपल्याकडे झीलकरी स्टेजवर शाहिराच्या मागे उभे असतात, याने समोरचं अख्खं थिएटर झीलकरी केलं. शेवटी शेवटी आवाज पार गेला तर नुसते शब्द सांगायचा, गायचे लोकच. योगायोग बघा, १९४०च्या दशकात तिकडे हे कामगारांच्या संपात गात होते तेव्हा इकडे गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक डफ घेऊन तेच करत होतं. एकमेकांना ओळखत असतील असं नाही, पण सरकारी खप्पामर्जी दोघांवर सारखीच.

आता 'वुई शॅल ओव्हरकम' बद्दल, कारण तिथे श्रेय वाटताना लोक घोळ करतात. मूळ काळ्यांच्या चर्चमधली गाणी. १९४५-४६ मध्ये साऊथ कॅरोलायनात चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्याचा संप झाला, त्यात बहुतेक काळ्या बायका, त्या कारखान्याबाहेर धरणं धरून पावसात थंडीत हे म्हणायच्या. त्यांच्याकडून टेनेसीच्या हायलँडर या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या शाळेतल्या झिल्फिया हॉर्टनने उचललं, तिच्याकडून सीगरने. त्याने थोडे शब्द फिरवले, कडवी जोडली, बॅंजोवर बसवलं. १९५७ मध्ये हायलँडरला मार्टिन ल्यूथर किंग आले होते, त्यांच्यापुढे हा गायला, आणि नंतर गाडीतून जाताना किंग तेच गुणगुणत होते असं सांगतात. १९६० मध्ये गाय कॅरवानने ते काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी चळवळीतल्या पोरांना शिकवलं, पुढचं माहितीय सगळ्यांना. गाण्याच्या हक्कावर सीगरचं नाव होतं पण रॉयल्टी खिशात नाही, हायलँडरच्या फंडात जायची. २०१८ पासून तर गाणं सगळ्यांचंच, कुणाचा हक्क नाही.

पण याच माणसाच्या हातून दुसरीकडे गडबड झाली तीही लिहितो, नाहीतर कडूकारलं मला पण देवघरात बसवतील. दक्षिण आफ्रिकेतला सॉलोमन लिंडा नावाचा झुलू गायक, १९३९ ची त्याची रेकॉर्ड 'म्बुबे', म्हणजे सिंह. ती लोमॅक्सने सीगरला दिली. याला वाटलं पारंपरिक गाणं आहे, 'उयिम्बुबे' ऐकू आलं ते 'विमोवे' असं, आणि तसंच वीव्हर्सनी गायलं! म्हणजे ऐकण्यात चूक झाली आणि तीच जगभर हिट. (पुढे 'लायन किंग'मध्ये जे वाजतं ते याचंच नातवंड.) पैसे गेले प्रकाशकांना. गाणं एका माणसाचं आहे हे कळल्यावर सीगरने लिंडाला १००० डॉलर पाठवले आणि माझा वाटा त्यालाच देत जा असं प्रकाशकाला सांगितलं, पण सांगून विसरला, खाली पैसे खरंच पोचतात का ते बघितलंच नाही. लिंडा १९६२ मध्ये कफल्लक मेला. त्याच्या घरच्यांनी खटला भरला तेव्हा कुठे तडजोड झाली, त्यालाही २००६ उजाडलं. सीगरने नंतर खंत व्यक्त केली. मनाने चांगला पण हिशोबाला कच्चा माणूस असला की नुकसान दुसऱ्याचं होतं ते असं.

अवांतर: न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात १९६५ मध्ये डिलनने इलेक्ट्रिक गिटार काढली तेव्हा सीगर कुऱ्हाड घेऊन धावला ही गोष्ट थापच. तो एवढंच म्हणाला की आवाज इतका फाटत होता की शब्द कळेनात, कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती. असती तर!

कडूकारलं

चिंचेचंझाड, उत्तम प्रतिसाद. लिंडाचं प्रकरण मलाही एवढं माहीत नव्हतं.

बरं मी एवढा खडूस नाही, माझ्याकडे पण एक जमा बाजू आहे. १९६७ मध्ये टीव्हीवर परत आला तेव्हा 'वेस्ट डीप इन द बिग मडी' गायला. गाण्यात १९४२ ची एक प्रशिक्षणातली तुकडी आहे, नदी गळ्यापर्यंत आली तरी कॅप्टन म्हणतो पुढे चला. व्हिएतनामचं नाव कुठेही नाही. पण अध्यक्ष जॉन्सन साहेबांना टोपी बरोब्बर बसली, सीबीएस चॅनेलने गाणं कापलं. बोंबाबोंब झाली, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत परत बोलावून अख्खं दाखवावं लागलं. नाव न घेता असं मारता आलं पाहिजे. तो माणूस व्हिएतनामच्या वेळी शांततावादी होता हे मी लिहून द्यायला तयार आहे, १९४१ चं तेवढं सोडून.

अर्धाकप

बापरे, दोन दिवस आले नाही तर इथे ग्रंथ झालाय. सगळ्यांचे आभार, नवऱ्याला वाचून दाखवलं, कडूकारलं यांच्या प्रतिसादाला तो जागेवरून टाळ्या वाजवत होता आणि दगडांच्या गोष्टीला गप्प झाला.

ऐकायला कुठून ते मात्र कुणीच सांगितलं नाही!! मी आपली मनाने १९६३ ची कार्नेगी हॉलची मैफल लावली, ८ जूनची. त्यात 'ग्वांतानामेरा' आहे, ते तर मला माहीत होतं, फक्त क्युबाच्या होसे मार्तीच्या कवितेचे शब्द आहेत हे माहीत नव्हतं.

तुणतुणे

चुकलंच. बरोबर ठिकाणी पोचलात, तीच मैफल. त्यानंतर 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन'. १९५५ मध्ये विमानात बसल्या बसल्या लिहिलं, शोलोखोवच्या डॉन नदीवरच्या कादंबरीत कोसॅकांचं एक गाणं येतं त्यातल्या तीन ओळी वहीत टिपलेल्या होत्या त्यावरून. याने तीनच कडवी केली होती, जो हिकरसन नावाच्या पोराने पुढची जोडून फुलांपासून परत फुलांवर आणून सोडलं, आणि सीगरने त्याला रॉयल्टीत वाटा दिला (लिंडाच्या वेळी जे नीट जमलं नाही ते इथे जमलं). मार्लिन डीट्रिच या नटीने ते जर्मनमध्ये गायलंय, तेही ऐका, अंगावर येतं. मग 'टर्न टर्न टर्न', शब्द जवळजवळ सगळे बायबलचे, बर्ड्स या रॉक ग्रुपने १९६५ मध्ये एक नंबरला नेलं.

आणि हो, आपल्या 'रघुपति राघव'ची पण त्याची रेकॉर्ड आहे. उच्चारांना हसू नका, पब्लिककडून म्हणवून कसं घेतो ते बघा.

अर्धाकप

लावलं आत्ता. उच्चारांना हसले, सॉरी. पण सासूबाई आतून कणीक मळता मळता दुसऱ्या ओळीपासून त्याच्याबरोबर म्हणायला लागल्या, आणि आता विचारतायत हा कुठला भजनीबुवा.